दोन ते पाच

सुरुवात कुठून झाली, असं तू विचारतोस
आणि रेकॉर्डर माझ्या कॉफीच्या कपाला टेकवून ठेवतोस.
सुरुवात म्हणजे नदी नव्हे रे पोरा,
की एका झऱ्यापाशी जाऊन पाटी लावावी.

लिहून घे : गालिचे.
निएमींच्या तळघरात भिंतींना ठोकलेले,
मर्तिकाच्या दुकानानं टाकून दिलेले जुने गालिचे,
ओल आणि लिलीची फुलं यांचा मिळून एक वास.
शेजारच्या मिसेस हाल्वरसननं पोलीस बोलावू नयेत म्हणून.
ती बोलवायचीच.

लिहून घे : करवत.
सिएटलहून अडीच तासांवर, समुद्राकडे पाठ करून बसलेलं आमचं गाव,
आणि गावाच्या घशात ती सॉ मिल.
पहाटे सहाच्या पाळीला देवदाराच्या ओंडक्यात शिरताना
ती जो सूर लावायची
तो वेंडेलनं गिटारवर आधी शोधला,
गाणं नंतर.
त्याचा बाप टोइवो बावीस वर्षं तिच्यासमोर उभा राहिला,
डाव्या हाताची दोन बोटं तिला देऊन बसला.
मिल बंद झाली
तेव्हा गावात पहिल्यांदा शांतता झाली
आणि ती कोणालाच सोसेना.

बाकी सगळी उसनवारी.
टोइवोच्या ट्रकमधली रडकी कंट्री गाणी,
लुथरन चर्चमध्ये आई गायची ती खालच्या पट्टीतली ओळ,
थोरल्या बहिणीनं लंडनहून टपालानं मागवलेल्या
दीड-दीड मिनिटांच्या संतापाच्या तबकड्या,
आणि हेवी मेटलची एक कॅसेट
जी आपण ऐकतो हे तिघांतला एकही कबूल करत नसे.
तीन कॉर्ड येत होत्या त्यांना.
साडेतीन म्हण.

मी कॉलेजच्या रेडिओवर, रात्री दोन ते पाच.
दहा वॅटचा मनोरा, वारा फिरला की
पुलापलीकडेही ऐकू जायचं नाही.
त्यांची तबकडी आली, हातानं रंगवलेल्या पाकिटात,
आणि मी ती चुकीच्या वेगानं लावली.
सगळं खोल, संथ, चिखलातून चालल्यासारखं.
बेकरीतून फोन आला :
हे काय आहे? पुन्हा लाव.
मी पुन्हा लावली, तशीच.
पुढच्या महिन्यात ते तिघं स्वतःच
त्या वेगानं वाजवायला लागले.
हे मात्र लिहू नकोस.

मग व्हॅन. मागचं दार दोरीनं बांधलेली.
माझ्या वहीतले एकोणीस फोन नंबर :
बॉइझीत एक, मिसूलात एक, फार्गोत दोघी बहिणी.
प्रत्येक गावात कोणीतरी दोन ते पाच जागं असायचं
आणि त्याच्याकडे झोपायला जमीन असायची.
एवढंच होतं आमचं जाळं.
कोणी विणलं नव्हतं, नुसतं अडकत गेलं.

ब्याण्णवच्या जानेवारीत मी सुपरमार्केटात
कांदे तोलत होते.
छतातल्या स्पीकरमधून, गोठवलेल्या मटारांवरून,
तो सूर आला.
रांगेत टोइवो होता, हातात सरकारी कुपनं,
अंगात कोपरांवर विरलेला चौकड्यांचा शर्ट,
तसलाच शर्ट मॉलच्या काचेत त्या आठवड्यात
एकशे दहा डॉलरला टांगलेला.
त्याला पोराचा आवाज ओळखू आला नाही.
पण तो थांबला. तीन बोटांचा हात वर करून म्हणाला,
ऐक, मार्लिस,
मिल सुरू झाली.

विकले गेले का ते, असं आता विचारशील.
सगळेच विचारतात, आणि विचारताना
पायात नवे बूट असतात.
वेंडेल बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, फोन घेत नाही.
लायनेलनं घराचं कर्ज फेडलं, बरं झालं.
कॉलेजनं स्टेशन विकलं एका कंपनीला.
दोन ते पाच तिथं आता कोणी नसतं,
यंत्र लावतं जुनी गाणी.
त्यात त्यांचंही असतं कधीकधी,
मला झोप येत नाही म्हणून कळतं.

बरोबर वेगानं लागतं.
अगदी बरोबर.